हूक पुसणारे काका

हॅम्बर्गमध्ये आमच्या शेजारच्या गल्लीत राहणारे काका जुनी गाडी पाहताना बॉनेट उघडत नसत. आधी गुडघे टेकून मागचा हूक रुमालाने पुसत, मग गाडी किती वजन ओढू शकते तो आकडा कागदांत शोधत. माझी बोट ट्रेलरसकट अठराशे किलोंची होती. उन्हाळ्याआधी ती तळ्यावर न्यायला मला जुना पिकअप ट्रक हवा होता. चार शनिवारांत काकांनी चार गाड्या नाकारल्या.

"काका, गाडी बघताय की सून?" मी वैतागून विचारले.

"आल्झो," काकांनी 'तर मग' अशा अर्थाचा आपला नेहमीचा जर्मन शब्द लावला, "सुनेला बोट ओढायची नसते."

पाचव्या शनिवारी मी त्यांना फोनवर ताप आल्याचे सांगितले आणि एकट्याने जाऊन निळा पिकअप घेऊन आलो. दुपारी काका डबा घेऊन आले, तेव्हा मी घरासमोर तो पुसत होतो.

त्यांनी तापाबद्दल विचारले नाही, कागद मागितले. आकडा पंधराशे होता. मी तो पाहिलाच नव्हता. काकांनी कागद नीट घडी घालून परत दिले.

"रंग छान आहे," ते म्हणाले आणि डबा माझ्या हातात ठेवला. "मऊ भात आहे. गरम आहे तोवर खा."