कादरी सर आणि सीटमागची पाचर

कादरी सरांशी माझा परिचय वादानंच झाला. ते आमच्या फ्लाइंग क्लबात मुख्य प्रशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. मी तिथं विमानांची देखभाल पाहत असे. शिक्षण माझं आमखास मैदानाजवळच्या गॅरेजात आणि उसन्या पुस्तकांवर. पण माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडणार नाही.

वाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी प्रथमच एकटी उडणार होती. तिच्या विमानाची सीट हलवून सर म्हणाले, "गणेशराव, सीट अडकवणारी खिटी धरत नाही. खालच्या रुळाची भोकं झिजलीत."

"सर, रेकॉर्ड बघा. आजवर ओरखडा नाही!" मी वह्यांचा गठ्ठाच पुढं ठेवला.

सरांनी पानन् पान वाचलं. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी सीटमागून चपलेच्या रबराचा तुकडा काढला.

"हे काय?"

"पाचर. सीट सरकू नये म्हणून. मीच कापली, तिन्ही बाजूंनी घासून."

"वहीत लिहिली?"

"एवढ्याशा गोष्टीची काय नोंद? सगळ्यांना माहितीये."

"उद्याच्या पोरीला?"

मी वह्यांचा गठ्ठा मागं ओढला.

सरांनी मला पाचरीविना सीटवर बसवलं. इंजिन बंद होतं. "समजा, उडालात," म्हणत त्यांनी स्वतः शेपटीवर भार दिला. नाक वर गेलं आणि सीट मला घेऊन सर्रकन मागं. पाय पेडलवरून सुटले. घाबरून मी स्टिअरिंग घट्ट धरलं, तर तेही माझ्यासोबत मागं आलं.

"वाह मियाँ!" सर शेपटीकडून ओरडले. "स्टिअरिंग मागं ओढलंत, आता तर नाक अजून वर! खाली कसं आणणार? वही दाखवून?"

भोवती जमलेले सगळे हसले. मीही, थोडं उशिरा.

सरांनी विमानाचं उड्डाण थांबवून ते उभं केलं. क्लबचे सचिव चिडले, "अपघातच नाही, तर दोष कसला?"

"साहेब, दरवेळी कुणीतरी पाचर लावली म्हणून अपघात नाही. जिस दिन भूलेंगे, उस दिन रेकॉर्ड खत्म."

अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, की दोष प्रथम गणेशरावांच्या ध्यानात आला. तो मी नोंदवला नाही, हे वाक्य माझ्याच अक्षरात लिहून घेतलं. नवे रूळ बसल्यावर ती मुलगी एकटी उडाली, सुखरूप उतरली. पेढ्यांचा पुडा सरांनी आधी माझ्यापुढं धरला.

यंदा सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. जिना चढताना त्यांना दम लागतो. विचारलं तर म्हणतात, "अहो, आजवर दवाखान्याची पायरी चढलो नाही मी!"

सर, हे रेकॉर्ड झालं. सोमवारी डॉक्टरांची सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. सव्वानऊला गाडी दाराशी असेल. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते तपासून घेतलेलं असो.