आधी काच की आधी टप

आमच्या दाजींइतका गाड्यांच्या टपांचा आणि काचांचा विचार केलेला माणूस साऱ्या मुळशी तालुक्यात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, माणचे. बापजाद्यांची शेती होती, ती आयटी पार्कात गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. पण शेतकरी म्हणून किंवा घरमालक म्हणून कुणी त्यांची ओळख करून दिली तर ते खट्टू होत. तरुणपणी काही वर्षं त्यांनी पौडवरून धरणाकडच्या गावांना वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं कोंबून नेणारी जीप चालवली होती, आणि शेवटपर्यंत ते स्वतःला ड्रायव्हरच समजत. गाडीवर वरून भार आला तर आधी कोण दगा देतं, पुढची काच की टपाचा पत्रा, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. जमिनीचा, पोराच्या लग्नाचा, स्वतःच्या रक्तदाबाचा असे बाकीचे प्रश्न त्यांनी बिनघोर अक्कावर सोपवले होते. हा एकच स्वतःकडे ठेवला होता. त्यांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. लिहिताना 'आहेत' लिहून जातो आणि खोडून 'होते' करावं लागतं, म्हणून हे सावकाश चाललं आहे.

प्रश्नाचं मूळ एका जत्रेत होतं. वडापच्या जीपमध्ये आत माणसं मावेनाशी झाली की उरलेली टपावर चढत, आणि जत्रेच्या दिवशी उरलेलीच जास्त असत. त्या दिवशी टपावर माणसं होती, नारळांचं पोतं होतं आणि देवाला वाहिलेला एक बोकड होता. डोंगराकडच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात गेलं, गाडी दणकली, पुढच्या काचेला कोपऱ्यातून आडवा तडा गेला आणि टप परातीसारखा खाली वाकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बोकड तेवढा रानात पळाला तो कायमचा वाचला. स्टेअरिंगवर दाजी होते. त्यांचं म्हणणं, "आधी टक्कन आवाज आला, मंग टप माज्या टोपीला टेकला." आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, टपावर बसला होता त्यांचा जिवलग दोस्त, पौडचा गॅरेजवाला, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याचं म्हणणं, "आधी माज्या बुडाखालनं पत्रा ग्येला. काचंचा आवाज मागनं आला." दोघंही खोटं बोलणारे नव्हते. त्यामुळं भांडण मिटायला जागाच नव्हती. दर रविवारी दुपारी मिस्त्री मोटारसायकलवरून माणला येत आणि ओट्यावर बसून दोघं ते भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करत.

दाजींना दिसेल त्या गाडीच्या टपावर टिचकी मारायची सवय होती. आधी टपावर, मग काचेवर, आणि मग मान वाकडी करून ऐकायचं, जसा कलिंगडवाला ऐकतो. भाडेकरूंना भेटायला आलेल्या एका साहेबाच्या गाडीवर त्यांनी टिचकी मारली तर गाडी केकाटायलाच लागली. दाजी मागं न हटता तिला म्हणाले, "वरड, वरड. मी कुटं काय केलंय?" माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्षाची सजवलेली गाडी दारात आली, तेव्हा व्याही उतरायच्या आत दाजींनी तिचा टप वाजवून पाहिला आणि मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, "पाव्हणं, पोरगं सोन्यासारखं हाय. पन गाडीचा पत्रा लई पातळ." ते व्याह्यांना ऐकू गेलं. पुढच्या दोन दिवाळ्यांना त्यांनी आम्हाला ते ऐकवलं.

हळूहळू त्यांनी माणसांचीही अशीच विभागणी केली. काही माणसं काच, म्हणजे जरा भार आला की आवाज करून मोकळी होणारी. काही पत्रा, म्हणजे न बोलता वाकत जाणारी. अक्का त्यांच्या मते अस्सल काच होती, आणि तिचं हे काचपण त्यांनीच वर्षानुवर्षं तपासून पाहिलं होतं. एकदा तिची लोणच्याची बरणी एका डब्याशेजारी ठेवून, दोन्हींवर पाट टाकून ते पाटावर बसले. बरणी फुटली, डबा चेपला, आणि आधी काय झालं हे अक्काच्या आरडाओरड्यात त्यांना ऐकूच आलं नाही. "येक बरणी ग्येली, पन इद्या न्हाई मिळाली," असं ते पुढं कितीतरी दिवस हळहळत. मी त्यांच्या लेखी पत्रा. आमचे वडील गेले तेव्हा मी सगळं शांतपणे पार पाडलं. तेव्हा दाजी रोज माणहून भूगावला माझ्या फ्लॅटवर येऊन काही न बोलता तासभर बसून जायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमी पत्रा हाय. आवाज येत न्हाई, म्हनून बगाया लागतं."

एका पावसाळ्यात आवारातला गुलमोहर एका भाडेकरूच्या गाडीवर पडला. तो पोरगा उत्तरेकडचा, कर्जावर घेतलेली नवी गाडी, बिचारा रडकुंडीला आलेला. दाजी बनियनवर धावत गेले. आत कुणी नाही ना ते आधी वाकून पाहिलं, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत मायेनं विचारलं, "बेटा, पहिले क्या गया? काच या टप?" पोरगा म्हणाला, "अंकल, सब गया." दाजींनी मान डोलावली, पण उत्तर त्यांना पटलं नाही. त्या पोराला त्यांनी गाडी दुरुस्त होईपर्यंत आपली मोटारसायकल वापरायला दिली आणि तो भेटेल तेव्हा, त्याला आता तरी काही आठवतंय का, हे विचारत राहिले.

या भांडणात मला पंच नेमलं होतं, कारण मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि माझ्या घरात पुस्तकं होती. मी आपला म्हणायचो की भार कुठं पडतो यावर ते अवलंबून आहे, किंवा दोन्ही एकाच वेळी होत असणार. दोघंही माझ्याकडं सारख्याच कीवेनं पाहत. "पाव्हणं," दाजी म्हणत, "कपाटं भरभरून वाचलं तुमी. येकदा तरी येक बाजू घ्या." मी कधी घेतली नाही. आतून अक्काचा आवाज यायचा, "आग लागो तुमच्या काचंला आन् पत्र्याला. जरा हळू बोला, भाडेकरू झोपल्यात."

ती जीप, मिस्त्रींनी तेव्हाच टप ठोकून सरळ केलेली आणि नवी काच घातलेली, आवारातच कोपऱ्यात उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. भाचा कितीतरी दिवस म्हणत होता की तिथं आणखी दोन खोल्या निघतील. दाजी ऐकत नव्हते. मग त्यांना श्वास लागू लागला, हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, "द्या भंगारात. पन दाबताना मी आन् मिस्त्री समोर पायजे. मरायच्या आत कळाया पायजे मला." भाच्यानं चौकशी करून शहराच्या पलीकडचं एक आवार शोधलं, जिथं गाड्या वरून दाबून सपाट करतात. ठरल्या दिवशी दाजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. अक्कानं जीपला हळदकुंकू लावलं. मिस्त्रींनी नारळ फोडला आणि पाण्याचे थेंब टपावर शिंपडले, काचेवर नाही. दाजींनी ते पाहिलं आणि उरलेलं पाणी काचेवर ओतलं.

आवारात आम्हाला सावलीत खुर्च्या दिल्या, चहा दिला. कागदपत्रं झाली. जीप मागच्या बाजूला नेली. दोघं मित्र चहा न पिता यंत्राकडं पाहत बसले होते. परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरांसारखे.  थोड्या वेळानं जीप यंत्राखाली आणली गेली. तिला दारं नव्हती, सीट नव्हत्या, आणि पुढं, जिथं काच असायची, तिथून पलीकडची भिंत दिसत होती.

मिस्त्री उठून उभे राहिले. "काच कुटाय?"

"काच तो पहले ही निकालते हैं, चाचा," तिथला कामगार म्हणाला. "लोहे में काच नहीं चलती."

मला आजही नवल वाटतं. इतकी वर्षं दोघांनी या दिवसाची वाट पाहिली, पण हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ज्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात वेल्डिंगला बसायच्या आधी प्रत्येक गाडीची काच उतरवली, त्यांच्यासुद्धा. यंत्र खाली आलं, टप वाकला, आणि त्याला जोडीदारच नव्हता. दाजी खुर्चीचा हात धरून पुढं वाकले. मला वाटलं श्वास लागला. पाहतो तर ते हसत होते. टोपी काढून तिनं डोळे पुसत होते आणि हसत होते.

परतताना आम्ही भाच्याच्या गाडीत बसलो. मग दाजी म्हणाले, "येक मातर झालं मिस्त्री. आधी काचच ग्येली."

"ग्येली न्हाई, डायवर. काडली."

"काडली म्हंजी ग्येलीच की."

तिथून ते भूगाव येईपर्यंत भांडले. मिस्त्री पौडची बस धरायला उतरून गेल्यावर दाजी मला म्हणाले, "बरं झालं, पाव्हणं. मिस्त्रीला हरल्यालं मला बगवलं नसतं."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी दाजी गेले, दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या, अक्काला पाणी मागून. ती पाणी घेऊन येईपर्यंत. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग ते रिकामं झालं. जिला दाजी आयुष्यभर काच म्हणाले ती अक्का रडली नाही की ओरडली नाही. विचारलेल्याला हो किंवा नाही म्हणायची आणि कामाला लागायची. मी भूगावहून रोज माणला जाऊन काही न बोलता तासभर बसू लागलो.

एका रविवारी दुपारी मिस्त्रींची मोटारसायकल दारात थांबली. दाजी गेल्यापासून ते पहिल्यांदाच रविवारचे आले होते. ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. समोर जीपच्या जागेवर नव्या खोल्यांचा पाया खणलेला होता, तिकडं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "डायवरचं खरं हुतं, पाव्हणं. काचच आधी ग्येली आसंल."

मला ते ऐकवेना. "असं कसं म्हणता?" मी म्हणालो. "तुम्ही टपावर बसला होतात. तुमच्या खालून पत्रा आधी गेला ना? मग पत्राच."

मिस्त्रींनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुमी पत्रा म्हनताय?"

"पत्राच."

"आवो, तुमाला गाडीतलं काय कळतंय? गाडी वाकाया लागली की सगळा पीळ काचंच्या कोपऱ्यात येतो. डायवर आत हुता. कानानं ऐकलंय त्यानं."

"आणि तुम्ही बुडानं ऐकलंत, ते खोटं?"

"त्ये माजं मी बगीन. तुमी डायवरला खोटं पाडू नगा." मिस्त्रींनी ओट्यावर हात आपटला. आवाज चांगलाच चढला होता, माझासुद्धा. मागं चाहूल लागली म्हणून पाहिलं तर अक्का दारात उभी होती, कणकेचे हात तसेच. ती भाडेकरूंचं काहीतरी म्हणेल म्हणून मी गप्प झालो.

"थांबलास का?" ती म्हणाली. "बोल की."

"बगा वयनी," मिस्त्री म्हणाले, "ह्ये पाव्हणं म्हंत्यात पत्रा."

अक्का उंबऱ्यावर बसली. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि तो तसाच धरून म्हणाली, "त्याला काय कळतंय. काच. त्यांनी आवाज ऐकला हुता."