शर्टांच्या बदल्यात डबा

"आई, सगळं घर एकदम काढू नकोस, दमशील. रोज एकच कप्पा आवर," असं मुलीनं फोनवर बजावलं होतं. म्हणून आज फक्त ह्यांच्या शर्टांचा कप्पा काढला. हे गेल्यापासून तो तसाच होता.

दारात बोहारीण बसली. एकेक शर्ट उजेडात धरून कॉलर बघू लागली.

"एवढ्यात वाटी येईल, बाई."

"वाटी? निदान झाकणाचा डबा तरी दे गं!"

सवयीनं मी घासाघीस करत बसले. शेवटी ह्यांचा आवडता निळा चौकडीचा शर्ट वर टाकला, तेव्हा कुठे डबा मिळाला.

ती गेल्यावर कळेना, हा ठेवायचा कुठे? घरात एकटी मी, आणि डबे मांडणीभर. एक दिलं की दुसरं घेतल्याशिवाय आमचे हात मागे येतच नाहीत. माणूस गेलं तेव्हा मात्र बदल्यात काहीच मिळालं नाही; घासाघीस करायला दारात कुणी बसलंही नव्हतं.

डबा त्याच रिकाम्या कप्प्यात ठेवला. आता कपाट लावलं की तो आत वाजतो. शर्ट कधी वाजले नव्हते.