वाईट बातमीचे फोन

नागावला आमच्या होमस्टेत एक साहेब उतरले होते, एका कंपनीचे नवे प्रमुख. एआयमुळे ज्या मॅनेजरांची गरज उरली नव्हती, त्यांतल्या प्रत्येकाला नोकरी गेल्याचं सांगायला ते नारळाच्या वाडीत फेऱ्या मारत फोन करत होते. मी चहा नेला.

"एआयने कामावरून काढल्याचं पत्र फार सुंदर लिहिलंय," ते म्हणाले, "पण पाठवायची लाज वाटते. मुलाखतीत मला विचारलं, सगळं एआय करणार, मग तुम्ही कशाला? मी म्हटलं, वाईट बातमी मी स्वतः सांगेन. त्यावरच मला नेमलं."

पुढच्या फोनवर पलीकडचा माणूस ओरडू लागला. मलाही ऐकू येत होतं. साहेबांनी फोन कानापासून हलवला नाही.

"बोला," ते म्हणाले, "मी ऐकतोय."

पत्रावर त्या माणसाला असं ओरडता आलं नसतं.