टाकीवरची खुर्ची

शिवणकामवाल्या वहिनी हॅम रेडिओ क्लबात पहिल्यांदा आल्या, तेव्हा सगळ्यांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता. आता आठवलं की सगळ्यांना आपलंच हसू येतं. पण चूक तरी काय म्हणायची? या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. एकाने बटण दाबून धरलं की बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. आणि वहिनी म्हणजे कंबरेचं माप घेता घेता अख्ख्या गल्लीच्या बातम्या देणाऱ्या. त्यांचे सख्खे दीर क्लबातले जुने गडी, तेच म्हणाले होते, की आमच्या वहिनी एकदा बटण दाबतील ते थेट जेवायलाच सोडतील.

वहिनींनी मुकाट्याने परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि थेट पाण्याच्या टाकीवरची खुर्चीच मागितली. पूर आला, फोन बंद पडले, की शाळेत हलवलेल्या लोकांचे निरोप रेडिओवरूनही थेट दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. मध्ये टेकडी आडवी येते. टाकीवर बसलेल्याने ते ऐकून पुढे सांगायचे. वर्षानुवर्षं तिथे दीर बसायचे. क्लबाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, सरावात मी दवाखान्यात रेडिओ ऐकत बसते, ज्याचे निरोप धड पोचतील, त्याची खुर्ची.

आधी दिरांची पाळी. शाळेतून मास्तरांनी कळवलं, वीस चादरी पाठवा, उशा असल्या तर बघा, नाहीतर राहू द्या. दिरांना भारी घाई. त्यांनी पुढे ठोकून दिलं, वीस चादरी, वीस उशा. झालं. टेम्पोत उशाच अशा कोंबल्या, की निम्म्या चादरी मागे राहिल्या.

मग वहिनी बसल्या. सरावातल्या एका खोट्या आजींना रक्तदाबाची गोळी हवी होती. मास्तर सांगता सांगता खोकले. आता कोणाची सासू काय म्हणाली, हे वहिनी शब्द न बदलता सांगत आल्या होत्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक दारात भांडायला उभं. त्यांनी शांतपणे बटण दाबलं.

"मास्तर, खोकल्यात एक शब्द गेला. पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं तेव्हा कळलं, गोळी अर्धीच द्यायची होती. वहिनींनी तेवढंच पुढे सांगितलं आणि बटण सोडलं. पलीकडून अध्यक्षीणबाई म्हणाल्या, खुर्ची तुमची.

दिरांनी मान्य केलं, पण तोंड एवढंसं झालं होतं. सामान आवरताना ते जादाच्या जड बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मग आता ही खाली न्या. खुर्ची तुमची, तर बॅटरीही तुमचीच."

"भावजी, बसणाऱ्याने ओझं उचलायचं नाही, हात थरथरतो आणि बटण नीट दाबलं जात नाही, असं नव्या पोरांना कोण सांगत होतं?"

"ते काम चालू असताना. आता सराव संपला."

"संपला असं अध्यक्षीणबाईंनी कुठे सांगितलंय?"

दिरांनी रेडिओकडे पाहिलं. तो गप्प होता. मग त्यांनी बॅटरी उचलली आणि जिना उतरायला लागले.