अडीच दिवसाला एक डिगरी

२० फेब्रुवारी. तीन दिवस भिजलेला गहू आज वाटायचा, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवायचा आणि उद्या सकाळी शिजवून गच्चीवर कुरडया घालायच्या. गव्हाला एकदा पाणी लागलं की तो कुणासाठी थांबत नाही. उद्या ऊन मिळालं नाही तर चीक आंबणार आणि म्हशीची चैन होणार. तरीही वाटण अर्धवट टाकून मी साडेबारालाच टेप घेऊन गच्चीवर गेले, कारण तात्यांनी आजची वेळ देऊन ठेवली होती. तात्या गेल्या ऑगस्टमध्ये वारले.

आमचं गाव पाथर्डी रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, ग्रामसेवक अजून तेच आहेत. उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, आणि टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या या गावात आमच्या शेजारी तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस राहत होता. गाव त्यांना कप्तान म्हणायचं. टँकर आला की पारावरची मंडळी हाक मारायची, "कप्तान, बोट लागली धक्क्याला! चला!" तात्या दोन हंडे घेऊन शांतपणे रांगेत उभे राहायचे.

ते कप्तान नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सुकाणी हुतो मी. कप्तानानं सांगायचं, मी चाक वळवायचं. गावाला सांगून सांगून दमलो. आता म्हनतो, म्हना कप्तान. तुमच्या सरपंचाला तरी कोन इचारून गावचा कारभार करतंय?"

निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हा पहिल्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून चहा घेऊन गेले. "बरं आहे ना सगळं?" असं विचारलं. त्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि उत्तर दिलं, "आज नऊ दक्षिण." मला वाटलं, एसटीचा नंबर सांगतायत. नंतर कळलं की हा माणूस तारीख, वार, तिथी यातलं काहीच धरत नाही. सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश खाली किंवा वर आहे एवढंच धरतो. लग्नाची पत्रिका दिली तरी वाचून म्हणायचे, "म्हंजी दोन उत्तर. येतो."

रोज दुपारी ते गच्चीवर उभे असायचे. हातात शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला टेम्पोचं नट. एवढ्या सामानावर ते सूर्य मोजायचे. घड्याळातले बारा त्यांना मान्य नव्हते. "फेब्रुवारीत आपल्या इथं दुपार पावनेएकला हुती, बाई. बारा वाजता जेवनारी मानसं सकाळचंच जेवत्यात."

त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयता, भांडी आणि पोरं बैलगाडीत घालून कारखान्याच्या वाटेला लागायचं. तात्या सोळाव्या वर्षी उसाच्या फडातून पळाले ते मुंबईच्या गोदीत पोचले. "बिऱ्हाड पाठीवर घ्यायची सवयच हुती. ते बैलगाडीतनं गेले, मी बोटीतनं," एवढंच त्याबद्दल सांगायचे. बोटीवर त्यांच्या हातात चाक, आणि शेजारी दुपारी अधिकारी सूर्य मोजून जाड पुस्तकात बघायचे. त्यातल्या एका अधिकाऱ्याने एकदा तात्यांना विचारलं, पुस्तक बुडालं तर काय करशील? आणि पुस्तकावाचून सूर्य कसा काढायचा ते शिकवलं. तो हिशेब तात्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की मी झोपेतसुद्धा सांगेन. वीस मार्चला सूर्य बरोबर विषुववृत्तावर, म्हणजे शून्य. त्याच्या आधी किती दिवस आहेत ते मोजायचे आणि अडीचने भागायचे. तेवढे अंश सूर्य दक्षिणेला. वीस मार्चनंतर तसेच उत्तरेला.

"अडीच दिवसाला एक डिगरी. पर हे एप्रिलच्या मध्यापतोरच. पुढं सूर्य दमतो, मंग माझी वही बघायची. अन् डिशेंबरात तर तो ग्रामसेवकावानी, जाग्यावरनं हलत न्हाई. मार्च आला की दोघंबी पळत सुटत्यात."

"मोबाईलवर सगळं दिसतं हो तात्या," मी म्हणायचे.

"मोबाईल बुडाला तर?"

"आपल्या गावात? कशात बुडणार?"

यावर ते फक्त कोनमापक पुसायचे.

गावाशी त्यांचं दरवर्षी एक ठरलेलं भांडण व्हायचं, संक्रांतीला. देवळात सगळे एकमेकांना सांगायचे की आजपासून सूर्य उत्तरेला वळला. तात्या तिळगूळ तोंडात टाकून म्हणायचे, "तीन आठवडं झालं त्याला वळून. तुमाला तिळगूळ मिळाला तवा कळलं व्हय?" पुजारी चिडायचे. तात्या म्हणायचे, "गोड बोलतोय की मी. खोटं कशाला बोलू?"

मीही त्यांना फार मानत नव्हते. माझा कुरडया-पापडांचा धंदा आहे, हाताखाली तीन बायका आहेत आणि वाळवणाला जागा एकच, आमची गच्ची. ऊन मला कळतं, असा माझा समज होता.

मग गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या दक्षिणेच्या शेजाऱ्याने, बबनशेठने, घरावर एक लोखंडी सांगाडा उभा केला. त्यावर नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. माझ्या गच्चीपासून मोजला तर वीस फूट उंच आणि घराइतका रुंद. बबनशेठ म्हणाला, "वहिनी, एका दिवसाचा प्रश्न आहे." दिवस गेला, वाढदिवस गेला, नेते हसत उभेच. फ्लेक्सचं तोंड रस्त्याकडे, पाठ माझ्याकडे. मागून ऊन आलं की कापडातून त्यांचं हसू मला उलटं दिसायचं, आणि वर उलट्या अक्षरांत लिहिलेलं वाचायला मला दोन दिवस लागले: सूर्यासारखं तळपणारं नेतृत्व. त्या नेतृत्वामुळे माझी निम्मी गच्ची दुपारीसुद्धा सावलीत. सकाळी तर जवळजवळ सगळीच.

मी तात्यांना विचारलं, "ही सावली हटणार कधी?"

त्यांनी बांबूने सांगाडा मोजला, आकडेमोड केली आणि गेरू घेऊन माझ्या गच्चीवर रेघा मारल्या. प्रत्येक रेघेपाशी तारीख. २० फेब्रुवारीला सावली भिंतीपासून अकरा फूट आठ इंच. १० मार्चला साडेआठ. २० मार्चला सात. १० एप्रिलला चार. "मधल्या वळीत धा मार्चाच्या आधी काय घालू नको, बाई," म्हणाले.

मी ऐकलं नाही. पंचवीस फेब्रुवारीला मधल्या ओळीत कुरडया घातल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना वास सुटला आणि एक अख्खं पातेलं म्हशीपुढे गेलं. तात्यांनी गच्चीवरून पाहिलं, पण मी तुला सांगितलं होतं असं काही म्हणाले नाहीत. त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"सावलीबद्दल तक्रार? लोक सावली नाही म्हणून तक्रार करतात, ताई."

"सांगाड्याला परवानगी आहे का?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय. अडथळा होतो का, ते पाहणीत दिसलं पाहिजे. येतो मी."

तात्या म्हणाले, "भाऊसायेब, जरा घाईनं या. सावली चाललीय."

"सावली काय पळून जाते का तात्या?"

"व्हय. पळूनच जाती. अडीच दिवसाला एक डिगरी."

ऑफिसात हशा पिकला. भाऊसाहेबांनी हसत हसत अर्ज फाईलमध्ये घातला. नंतर मार्चएन्ड आला. मार्चएन्डनंतर त्यांचं प्रशिक्षण, प्रशिक्षणानंतर मेव्हण्याचं लग्न. दर आठवड्याला तात्या स्वतः ऑफिसात जाऊन सांगून यायचे, आज सात फूट राहिली, आज चार राहिली. शिपाई त्यांना बघून विचारायचा, "कप्तान, आज किती?" तिथे रोज कुणीतरी काहीतरी विचारतं आणि कुणी उत्तर देत नाही, तात्यांकडे मात्र दर वेळी उत्तर असायचं.

भाऊसाहेब आले सोळा मे रोजी, भर दुपारी. त्या दिवशी आमच्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या केलेल्या बाटलीला सावली नसते, माणसाची सावली चपलेखाली लपते. वीस फुटी सांगाड्याची सावली भिंतीच्या पायाशी घडी घालून ठेवल्यासारखी पडली होती. भाऊसाहेबांनी घाम पुसत चारी बाजूंना पाहिलं.

"कुठंय सावली?"

बबनशेठ म्हणाला, "हेच म्हणतोय मी. वहिनींचा गैरसमज झालाय."

पंचनामा लिहिला गेला: प्रत्यक्ष पाहणी केली असता सावली आढळून आली नाही. पंच म्हणून बबनशेठने सही केली. मग कागद तात्यांपुढे आला, आणि तात्यांनी चष्मा लावून पेन हातात घेतलं. मी म्हणाले, "तात्या, सही करू नका."

"खरं हाय ते लिवलंय, बाई. आज सावली न्हाई."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"बोटीच्या वहीत खोटं लिवलं की बोट खडकावर जाती. वही कुनाच्या बाजूची नसती."

त्यांनी सही केली आणि सहीखाली बसून सावकाश चार ओळी लिहिल्या. भाऊसाहेब खालून येणाऱ्या वासाकडे लक्ष ठेवून होते. बबनशेठकडे आमरसाचा बेत होता. भाऊसाहेबांनी न वाचता सगळ्याच्या खाली सही केली, शिक्का मारला, मी मागितलेली प्रतही दिली आणि जिना उतरले.

मी तात्यांशी आठ दिवस बोलले नाही. मग एकदा डबे आवरताना ती प्रत हाती आली आणि त्या चार ओळी वाचल्या: "सूर्य आज एकोणीस उत्तर, सबब सावली नाही. पुढील २० फेब्रुवारीस दुपारी बारा त्रेचाळीसला सूर्य अकरा दक्षिण असेल व सावली भिंतीपासून अकरा फूट आठ इंच पडेल. तशी पडल्यास अडथळा मान्य समजून काढण्यात यावा." खाली भाऊसाहेबांची सही, गोल शिक्का. लिहिताना तात्यांची भाषा एकदम सरकारी झाली होती. तीस वर्षं वही पाहिलेला माणूस.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "तुम्ही भलतेच लबाड निघालात."

"लबाड कसा? त्यानं शिक्का मारलाय. वाचून मारला का न वाचता मारला, ते त्याचं त्याला."

जुलैच्या शेवटी सूर्य पुन्हा आमच्या डोक्यावरून गेला. तात्यांनी बाटली उभी करून पाहिली आणि म्हणाले, "निघाला दक्षिणेला. कागद जपून ठेव. डब्यात ठेव, उंदरं लई झालीत." ऑगस्टात एका सकाळी ते उठले नाहीत. मुलगा नगरहून आला, दिवस केले, घराला कुलूप लावलं. "बाबांचं काही घ्यायचंय का काकू?" असं विचारलं, तेव्हा मी कोनमापक मागितला. नटासकट.

यंदाच्या वाढदिवसाला बबनशेठने नवा फ्लेक्स लावला. चेहरा मोठा, मजकूर तोच. मी सतरा तारखेला गहू भिजत घातला, तो त्या शिक्क्याच्या भरवशावर. चुकलं असतं तर अख्ख्या हंगामाची पहिली खेप गेली असती, आणि गावाने टँकरपाशी तात्यांची जी टिंगल केली तीच शेवटी खरी ठरली असती.

तर आज बारा चाळीसला मी गच्चीवर बसले. हाताला चीक लागलेला, तो वाळून खरखरीत झाला होता. त्रेचाळीसला टेप लावली. अकरा फूट सात इंच. एका इंचाची चूक आहे. ती माझ्या टेपची असेल किंवा बबनशेठच्या वेल्डरची. तात्यांच्या खात्यावर मी ती धरत नाही.

हात धुऊन, मोबाईलवर फोटो काढून, कागद पिशवीत घालून मी ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी आपलीच सही तीनदा वाचली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"शिक्का?"

"शिक्का माझा आहे. पण ताई, असं आधीच कसं लिहिता येईल?"

"तुम्हीच प्रमाणित केलंय. आता तालुक्याला बीडीओ साहेबांना विचारून येऊ का, कसं लिहिता येतं ते?"

भाऊसाहेबांनी बबनशेठला फोन लावला. दोघांचं कुजबुजत बोलणं झालं. बबनशेठचं म्हणणं, साहेबांचा फोटो उतरवला तर साहेबांना काय वाटेल. भाऊसाहेबांचं म्हणणं, साहेबांचं नंतर बघू, इथे माझं नाव लागलंय. शेवटी तोडगा निघाला: सांगाडा राहील, वाळवणाच्या हंगामात त्याच्यावर कापड राहणार नाही. नुसत्या सांगाड्याची सावली म्हणजे चार रेघा. मला चालतील. संध्याकाळी दोन माणसांनी फ्लेक्स सोडला आणि गुंडाळी ठेवायला जागा नाही म्हणून माझ्याच गच्चीत टाकली.

२१ फेब्रुवारी. सकाळी मी चीक शिजवला. गुंडाळी सोडली, साहेबांना पालथं घातलं, कोरी बाजू वर घेऊन धुऊन पुसली, तिच्यावर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरलं आणि तिघी बायकांना सोऱ्या दिला. मधल्या ओळीपासून सुरुवात केली, जिथे गेल्या वर्षी वास सुटला होता. धाकटीने विचारलं, "काकू, आज कडक ऊन पडंल ना?"

मी बोटांवर दिवस मोजले. वीस मार्चला सत्तावीस राहिले होते.

"आज पावणेअकरा दक्षिण," मी म्हणाले. "घाला."