दाजीच्या नावावरचं जग

बहारीनमधला सगळ्यात ऐहिक मराठी ख्रिस्ती म्हणजे दाजी भिंगारदिवे, याबद्दल १९८४ साली शुक्रवारच्या प्रार्थनासभेत कुणाचंही दुमत नव्हतं. एरवी त्या सभेत गीत कुठल्या चालीवर म्हणायचं यावरूनही दोन तट पडायचे. पण दाजीकडे स्वतःची टोयोटा होती, रंगीत टीव्ही होता, व्हिडिओ होता, टेलिफोन होता आणि कपडे धुण्याचं मशीनही होतं. पगार मात्र ड्रायव्हरचा. हे कसं काय जमतं, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पापाची एवढी खोलात जाऊन चौकशी करायला सवड कुणाला असते?

दाजी मूळचा नगरकडचा. बाप गावच्या मिशनच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा. दाजी ट्रक शिकला, पंच्याहत्तर साली बहारीनला आला, चार वर्षं जहाजदुरुस्तीच्या यार्डात कामगारांची बस हाकली आणि मग माहूज या बंगल्यांच्या वस्तीत शरच्चंद्र उजागरे यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागला. व्हिसाही त्यांच्याच नावावर. बंगल्याच्या फाटकाशी त्याला एक खोली मिळाली. एक खाट, एक स्टोव्ह, एक पत्र्याची ट्रंक आणि खुंटीला टाळ. साहेबांना बँकेत सोडून आलं की तो बाजरीची भाकरी थापायचा, ठेच्याबरोबर खायचा आणि दुपारभर एकटाच भजनं म्हणायचा. त्या खोलीवर त्याचा फार जीव होता. आठ वर्षं हा माणूस इतका साधा राहिला, पण त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिली नाही. गरिबाच्या साधेपणाला साधेपणा म्हणत नाहीत, परिस्थिती म्हणतात.

उजागरेसाहेब पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात बँकेनं त्यांना ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं. तिथे एका सुट्टीच्या दिवशी ते पेनसिल्व्हानियात आमिश लोकांची गावं दाखवणाऱ्या सहलीच्या बसमध्ये बसले. घोड्याच्या बग्ग्या, बटणांऐवजी हूक लावलेले काळे कोट, विजेच्या तारा नसलेली घरं, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, सगळं त्यांनी चार तासांत पाहिलं आणि ते बदलूनच परत आले. चार तासांत माणूस कसा बदलेल, असं म्हणायची सोय नव्हती. ख्रिस्ताच्या वैऱ्याचा शिष्य व्हायला पौलाला दमास्कसच्या वाटेवर त्याहूनही कमी वेळ लागला होता.

पुढच्याच शुक्रवारी त्यांनी सभेत तासभर भाषण केलं. आमिश आणि मेनोनाइट हे एकाच मुळाचे ख्रिस्ती, ते शस्त्र उचलत नाहीत, शपथ घेत नाहीत, जगाच्या मागे लागत नाहीत, आणि आपणही तसंच राहिलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. आमिश कोण आणि मेनोनाइट कोण, हा फरक त्यांनी केला नाही, कारण बस त्यासाठी थांबली नव्हती. सभेचे सेक्रेटरी शिरीष साळवे म्हणाले की तारण कृपेनं होतं, कोटाला बटणं नसल्यानं नाही. एका बाईंनी फ्रीजचं काय, असं विचारलं. साहेबांनी दोघांकडेही फार दयेनं पाहिलं.

मग घरात साधेपणा सुरू झाला. आमिश स्वतः मोटार बाळगत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसतात, हे साहेबांनी तिथे नीट विचारून घेतलं होतं. म्हणून टोयोटा दाजीच्या नावावर झाली. आमिश घरात टेलिफोन ठेवत नाहीत, पण शेताच्या कडेला खोपट बांधून त्यात ठेवतात. माहूजला शेत नव्हतं, म्हणून टेलिफोन दाजीच्या खोलीत गेला. त्याच्या मागोमाग टीव्ही, व्हिडिओ आणि कपड्यांचं मशीनही गेलं. मशीन आल्यावर कपडे धुण्याचं कामही ओघानं दाजीकडेच आलं. एअरकंडिशनर तेवढा घरात राहिला, कारण पेनसिल्व्हानियात बहारीनचा ऑगस्ट नसतो. सुनंदाबाईंच्या सोन्याच्या बांगड्याही राहिल्या. त्या हातातून निघत नव्हत्या, म्हणजे देवाचीच तशी इच्छा असणार. हूरा भागातल्या शिंप्याकडून बाईंनी सात साधे झगे शिवून घेतले. कापड इतकं साधं होतं की ते मुद्दाम इंग्लंडहून मागवावं लागलं.

साहेबांची मुलगी चारुलता तेरा वर्षांची होती. ती मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तिनं सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाली, "डॅडी, दिस इज चीटिंग." साहेबांनी तिला समजावलं की वस्तू वापरणं आणि वस्तूची मालकी यांत आध्यात्मिक फरक आहे. त्यावर ती टीव्ही बघायला दाजीच्या खोलीत निघून गेली.

तीच काय, सगळेच जायचे. संध्याकाळी दाजीच्या खाटेवर बाई बसत, ट्रंकेवर चारुलता, आणि साहेब टेलिफोनच्या निमित्तानं येऊन सिनेमा संपेपर्यंत उभे राहत. पडदा नीट दिसेना म्हणून टाळ खुंटीवरून काढून खाटेखाली सरकवला होता. भाकरीचा धूर व्हिडिओला बाधतो म्हणून स्टोव्ह बाहेर गेला. मालक दाजी, आणि दाजीला बसायला जागा नाही. तो दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्या मंडळींना खिडकीतून निळा उजेड दिसायचा, आणि ड्रायव्हरला जगाचा मोह पडला ही बातमी आपोआप पसरली. सभेत भजन सांगायला पूर्वी दाजीला पुढे बोलवत. आता बोलवेनात. हे त्याला फार लागलं.

फेब्रुवारीत घरून पत्र आलं. त्याची बायको शेवंती हिनं लिहवून घेतलं होतं की लेक मालूचं जमलं. मुलगा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि लग्न मेच्या दहा तारखेला ठरलं होतं. खाली मालूनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. दादा, तुम्ही आला नाहीत तर चुलते माझा हात धरून वेदीपर्यंत नेतील, पण मला तुमचाच हात पाहिजे. दाजीनं लेकीला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. पत्र वाचून तो गाडीतच बसून रडला, कारण खोलीत मॅच चालू होती.

त्यानं सहा आठवड्यांची लीव्ह मागितली. साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "बंधू दाजी, तू गेलास तर गाडी कुणाची? फोन कुणाचा? ह्या घराचा साधेपणा तुझ्यावर उभा आहे रे." दाजीनं दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव सुचवलं. तो मुसलमान आहे, त्याच्यावर आपल्या साधेपणाचं ओझं टाकणं बरं नव्हे, असं साहेबांचं मत पडलं. इंशाल्ला पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. दाजीच्या डोळ्यांपुढे मालूच्या शेजारून चालणारा चुलता येऊ लागला. त्या माणसाला नीट पायताण घालूनही चालता येत नसे.

एप्रिलच्या शेवटी ब्रदर शेंक आले. हे खरेखुरे मेनोनाइट. मध्य प्रदेशातल्या मिशनमध्ये वीस वर्षं शेतीकाम शिकवून म्हातारपणी अमेरिकेला परत चालले होते आणि वाटेत चार दिवस बहारीनला उतरले होते. साहेबांनी त्यांना आग्रहानं घरी बोलावलं. काळा कोट आणि दाढी बघायला सगळे दारात उभे होते, तर टॅक्सीतून बुशशर्ट घातलेला, मनगटावर घड्याळ बांधलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक उंच म्हातारा उतरला. बग्गीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की त्याच्या भावाचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. साहेबांना पाहुणा जरा पातळच वाटला.

तरी त्यांनी घर दाखवलं. रिकाम्या भिंती, लाकडी बाक, कंदील. शेंक मान हलवत होते. तेवढ्यात फाटकाकडून टेलिफोन वाजला. कुणाचा, म्हणून पाहुणा तिकडे वळला आणि खोलीच्या दारात थबकला. आत टीव्हीवर व्हिडिओ, व्हिडिओवर टेलिफोन, मशीनमध्ये फिरणारे सात साधे झगे, आणि मधल्या फटीत उभा दाजी. साहेबांनी हलक्या आवाजात इंग्रजीत सांगितलं की हा आमचा ड्रायव्हर, भला माणूस आहे, पण जगाच्या मोहात पडलाय, त्याच्यासाठी प्रार्थना करा. नऊ वर्षांत तेवढं इंग्रजी दाजीला कळायला लागलं होतं. त्याची कानशिलं तापली. चपराक बसती तरी एवढं लागलं नसतं.

शेंक यांनी प्रार्थना केली नाही. खोलीभर नजर फिरवून त्यांनी हिंदीत विचारलं, "दाजी भाई, ये सब आपको चाहिए क्या?"

आठ महिन्यांत हा प्रश्न दाजीला कुणी विचारला नव्हता. साहेब जवळ उभे होते, म्हणून तो नुसता हसला. पण प्रश्न त्याच्याजवळ राहिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शेंक थोडंच बोलले आणि कुणाला आपल्या पापाची वा श्रद्धेची साक्ष द्यायची असेल तर द्या, म्हणाले. मागच्या रांगेतून दाजी उठला. सगळ्या माना वळल्या, कारण पापी माणसाची साक्ष ऐकायला नेहमीच बरी वाटते.

"मंडळी, म्या जगात फार गुतलोय," दाजी म्हणाला. "माज्याकडं मोटार हाय, टीवी हाय, फोन हाय. माज्या मालूचं लगीन दहा तारखेला हाय. पर एवढं जग टाकून मला जाता येत न्हाई, असं साहेब म्हनत्यात. म्हनून म्या आज जगच सोडतो. हे सगळं मला नको."

त्यानं गाडीचे कागद आणि खोलीची किल्ली पुढे नेऊन टेबलावर पवित्र शास्त्राशेजारी ठेवली.

सभेत एवढा आनंद नाताळालाही झाला नव्हता. बायकांनी डोळे पुसले. साळवे तर भारावून उठले आणि म्हणाले की बंधू दाजीनं आपल्याला लाजवलं, आता या वस्तू शनिवारीच विकाव्यात आणि पैसे मिरजेकडच्या कुष्ठधामाला पाठवावेत. सगळ्यांनी आमेन म्हटलं. व्हिडिओ आपण घ्यायला तयार आहोत, असं दोघांनी तिथल्या तिथे सांगितलं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. कागदावर दाजीचं नाव, दाजीनं सोडलेलं, आणि सभेनं आमेन म्हटलेलं. ते अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले. सुनंदाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"त्या वस्तू," साहेब म्हणाले, "माझ्या आहेत."

आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं साधं वाक्य होतं. शेंक यांनी मराठी न कळूनही सगळं ओळखलं असावं, कारण ते उठले आणि त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. एका माणसानं जग सोडलं होतं आणि दुसऱ्यानं परत घेतलं होतं. दोघांनीही खरं ते केलं होतं, त्यामुळे प्रार्थना एकच पुरली. लीव्हच्या अर्जावर त्याच दुपारी सही झाली.

विमान सात तारखेचं होतं. दाजीला विमानतळावर सोडायला साहेब स्वतः निघाले. पाच वर्षांनी स्टिअरिंग हातात आल्यानं गाडी अरादच्या रस्त्यावर दोनदा बंद पडली. दाजी शेजारी बसून क्लच सोडा, हळू सोडा, असं सांगत होता. खाटेखालचा टाळ त्यानं ट्रंकेत भरून घेतला होता, लग्नात वाजवायला.

विमानतळाच्या दारात साहेबांनी गाडी लावली, पण इंजिन बंद करेनात. शेवटी समोर बघत त्यांनी विचारलं, "दाजी, परत आल्यावर हे सगळं पुन्हा तुझ्या नावावर घेशील का रे?"

दाजीनं नीट विचार केला.

"साहेब, माज्या नावावर आता एक लेकच राहिलीया," तो म्हणाला. "ती बी दहा तारखेला दुसऱ्याच्या नावावर व्हायचीय."

साहेबांनी उतरून डिकी उघडली आणि ट्रंक स्वतः उचलून खाली ठेवली.